‘जमा करा’चं बटण आणि अण्णांचे सातशे रुपये

पतपेढी, फोनची कंपनी आणि माणसं ओळखू येणार नाहीत इतपत तपशील बदलले आहेत. घटनांचा क्रम आणि निर्णय जसे झाले तसेच लिहिले आहेत. त्यातले काही निर्णय माझे होते आणि चुकीचे होते.

पार्श्वभूमी

लालबाग-परळमधली एक जुनी पतपेढी. एके काळी तिचे सभासद गिरणी कामगार होते, आता बहुतेक खातेदार छोटे दुकानदार आहेत. मसाला-मिरचीवाले, चिवडा-फरसाणवाले, फुलांच्या टोपल्या घेऊन बसणाऱ्या बायका, पोळीभाजी केंद्रं. पतपेढीचा प्राण म्हणजे दैनंदिन बचत, जिला सगळे पिग्मी म्हणतात. एजंटने रोज दारात जायचं, पन्नास-शंभर-दोनशे जे मिळेल ते घ्यायचं आणि संध्याकाळी शाखेत भरणा करायचा. ही पद्धत १९२८ साली उडुपीच्या एका बँकेने सुरू केली, तीच पुढे सिंडिकेट बँक म्हणून ओळखली गेली. जवळपास शंभर वर्षांत एजंटच्या हातातलं साधन बदललं, बाकी काम तेच आहे.

हातातलं साधन म्हणजे आता फोन. पतपेढीने चौदा एजंटांना एकाच कंपनीचे, एकाच मॉडेलचे अँड्रॉइड फोन दिले होते. त्यात वसुलीचं ॲप, आणि जोडीला कमरेला लावायचं ब्लूटूथवर चालणारं पावतीचं छोटं मशीन. खातेदार निवडायचा, रक्कम टाकायची, ‘जमा करा’ दाबायचं, मशीनमधून पावती निघते, खातेदाराला मेसेज जातो. अनुभवी एजंट हे सगळं उभ्या उभ्या, खांद्यावर पिशवी, तोंडाने गप्पा चालू असताना दहा-बारा सेकंदांत उरकतो. एका लाइनवर, म्हणजे एजंटच्या रोजच्या ठरलेल्या फेरीत, शंभर-सव्वाशे खातेदार असतात. कमिशन वसुलीवर टक्केवारीने मिळतं, म्हणजे एजंटचा वेळ हाच त्याचा पगार.

मी या पतपेढीचं संगणकाचं काम बाहेरून कंत्राटावर बघते. सर्व्हर, ॲपवाल्यांशी बोलणी, बिघडलेली मशीनं, सगळं माझ्याकडे. फोनचं अपडेट कधी घ्यायचं, कसं घ्यायचं, हे मात्र कोणाच्याच कामात लिहिलेलं नव्हतं. माझ्याही नाही.

काय बदललं

श्रावणातल्या एका सोमवारी सकाळी नऊ एजंटांचे फोन वेगळेच दिसायला लागले. शाखेच्या वायफायवर अपडेट उतरलं होतं, ‘रात्री बसवू का?’ असं फोनने विचारलं होतं आणि सगळ्यांनी ‘ठीक आहे’ दाबलं होतं. उरलेल्या पाच जणांनी ‘नंतर’ म्हटलं होतं.

आतल्या गोष्टी फारशा बदलल्या नव्हत्या. बदललं होतं ते रूप, आणि रूपाबरोबर जागा. वरून बोट ओढल्यावर पूर्वी एकच पडदा खाली यायचा, त्यात वर बटणं आणि खाली सूचना. आता डाव्या बाजूने ओढलं तर फक्त सूचना आणि उजव्या बाजूने ओढलं तर फक्त बटणं. पडदे काचेसारखे अर्धपारदर्शक, मागचं चित्र आरपार दिसणारे. ॲपची चित्रं एकाच रंगछटेत रंगवलेली, दिसायला सुरेख.

सगळ्यांत मोठा बदल स्क्रीनच्या तळाशी होता. मागे, घर आणि चालू ॲप ही तीन बटणं जाऊन तिथे एक बारीक रेघ आली. तळापासून वर सरकवलं की घर, कडेकडून आत सरकवलं की मागे. ही पद्धत काही नवी नव्हे. अँड्रॉइडमध्ये ती पुरेशा पक्क्या रूपात २०१९ साली, दहाव्या आवृत्तीत आली आणि जुनी तीन बटणं सेटिंगमध्ये कायम ठेवली गेली. आमच्या फोनवरही निवड होती. अपडेटनंतर एक पान आलं होतं, त्यात ‘नवी पद्धत’ आधीच निवडलेली होती आणि खाली मोठं ‘पुढे’. सकाळी सात वाजता दूध तापत असताना ते पान कोण वाचणार? नऊच्या नऊ जणांनी ‘पुढे’ दाबलं. याला मी निवड म्हणायला तयार नाही.

पहिला आठवडा

सोमवारी दुपारपर्यंत मला सहा फोन आले. तक्रारींचे शब्द मी वहीत लिहून ठेवले होते, तेवढी एक सवय चांगली आहे. ‘फोन बिघडला.’ ‘मशीन मेलं.’ ‘आपलं हिरवं ॲप उडालं.’ ‘उन्हात काय दिसतच नाय.’ ‘सारखं बंद होतंय.’ आणि अण्णांचं, ‘मॅडम, हा फोन माझा नाय वाटत.’

अण्णा म्हणजे सगळ्यांत जुने एजंट, वय एकसष्ट. मूळ मालवणकडचे, वडील गिरणीत होते. चिंचपोकळीच्या चाळीत वाढलेले आणि मिरची गल्लीची लाइन तीस वर्षं सांभाळणारे. त्यांच्या तक्रारीत काय बिघडलं हेच नव्हतं, म्हणून मी ती सगळ्यांत कमी मनावर घेतली. प्रत्यक्षात तीच सगळ्यांत अचूक तक्रार होती.

पहिला निर्णय मी बुधवारी घेतला. एजंटांच्या ग्रुपवर मेसेज टाकला, ‘फोनला नवीन अपडेट आलं आहे. काही बिघडलेलं नाही. दोन दिवसांत सवय होईल.’ प्रत्येक वाक्य आपापल्या जागी खरं वाटत होतं. वाचणाऱ्याला मात्र त्याचा अर्थ असा लागला की फोन ठीक आहे, म्हणजे चुकतंय ते माझंच. त्या मेसेजनंतर तक्रारी जवळजवळ थांबल्या आणि मी ते यश समजले.

गुरुवारी संध्याकाळी, दिवसाचा हिशेब बंद झाल्यावर, शाखेत तासभराचा वर्ग घेतला. प्रोजेक्टरवर माझा फोन लावून दाखवलं, इथून ओढलं की हे, तिथून ओढलं की ते. सगळ्यांनी माना डोलावल्या. दिवसभर चालून आलेली माणसं होती, त्यांना लोकल गाठायची होती. सत्तावीस वर्षांच्या एका ताईने दोन चांगले प्रश्न विचारले. ती नव्या पद्धतीत आधीच रुळली होती आणि तिला ती आवडली होती. बाकीच्यांना तिच्यासमोर ‘मला नाही कळलं’ म्हणणं जड गेलं असणार. हे मला आज दिसतं, तेव्हा दिसलं नाही.

अण्णांबरोबर लाइनवर

पुढच्या सोमवारी कॅशियरने सहज सांगितलं की अण्णांचा भरणा गेल्या आठवड्यात तीनदा कमी पडला, म्हणजे ॲपमधल्या बेरजेपेक्षा रोकड कमी निघाली. मंगळवारी २००, गुरुवारी ३५०, शनिवारी १५०. तीनही वेळा अण्णांनी खिशातून पैसे काढून भरले, ‘कुठेतरी सुट्टे देताना चुकलो असेन’ म्हणाले आणि गेले. तीस वर्षांत त्यांचा भरणा कमी पडल्याचं कोणाला आठवत नव्हतं. मी विचारलं तर म्हणाले, ‘वय झालं हो आता. लक्ष राहत नाय.’

त्या दिवशी मी त्यांच्याबरोबर लाइनवर गेले. वर्षभरापूर्वी जायला हवं होतं, पण ते असो.

लालबागमध्ये तेव्हा गणपतीची गडबड सुरू झाली होती. मंडप उभे राहत होते, फुटपाथवर माणसाला माणूस घासत होतं. मिरची गल्लीत शिरल्यावर नाकाडोळ्यांतून पाणी यायला लागलं. अण्णांचा हात मात्र सरावाने चालत होता, आणि मी प्रथमच त्यांच्या चेहऱ्याकडे न बघता अंगठ्याकडे बघितलं.

पहिल्या दुकानात त्यांनी वरून मधोमध बोट ओढलं. सूचनांचा पडदा आला. त्यांना ब्लूटूथचं बटण हवं होतं. बॅटरी वाचावी म्हणून ते रोज रात्री ब्लूटूथ बंद करतात आणि सकाळी पहिल्या दुकानात चालू करतात. दोनदा ओढलं, दोनदा सूचनाच आल्या. तिसऱ्यांदा त्यांनी नाद सोडला आणि खिशातल्या चिठ्ठीवर पेनाने रक्कम लिहून दुकानदाराला दिली. ‘मशीन मेलं’चा अर्थ मला तिथे कळला. मशीन उत्तम होतं. पावतीशिवाय वसुली मात्र आठवडाभर चालू होती.

मग ते ॲप उघडायला गेले आणि अंगठा स्क्रीनवर फिरत राहिला. पूर्वी त्यांना हिरवा चौकोन दिसायचा. आता सगळेच चौकोन निळसर. अण्णा नाव वाचून ॲप शोधत नव्हते, रंगाने शोधत होते. हिरवं ॲप उडालं नव्हतं, त्याचा हिरवा उडाला होता.

चौथ्या-पाचव्या दुकानात खरी गोष्ट दिसली. अण्णांनी २०० टाकले आणि ‘जमा करा’ दाबलं. दाबलं म्हणजे कसं? फोन डाव्या हातात, त्याच हाताचा अंगठा तळाच्या बटणावर टेकतो आणि उचलताना किंचित वर सरकतो. आपण सगळेच असं दाबतो. पूर्वी ‘जमा करा’च्या खाली तीन बटणांची पट्टी असायची, त्यामुळे आमच्या ॲपचं बटण काठापासून वर होतं. पट्टी गेली आणि ते बटण थेट त्या बारीक रेघेवर येऊन बसलं. अंगठा वर सरकला की फोनला वाटतं, घरी जायचंय. रक्कम जमा झाली, पण ‘जमा झाले’ हे दिसायच्या आत ॲप बाजूला गेलं. अण्णांनी पुन्हा ॲप उघडलं, कोरा फॉर्म समोर. ‘हे बघा, सारखं बंद होतंय,’ म्हणत त्यांनी तीच रक्कम पुन्हा टाकली.

ॲपने हरकत का घेतली नाही? कारण काही दुकानदार सकाळी आणि संध्याकाळी असे दोनदा पैसे देतात, म्हणून एका दिवसात दोन भरणे चालतील अशी सोय आम्हीच मागून घेतली होती. आणि पावतीचं मशीन बंद असल्यामुळे दुसरी पावती निघून चूक उघडी पडण्याचाही मार्ग नव्हता.

माझ्या मनात शंका पक्की होत होती तेवढ्यात मसाला कुटून देणाऱ्या दुकानातल्या मावशींनीच विचारलं, ‘अण्णा, परवा दीडशेचे दोन मेसेज आले मला. मी तर एकदाच दिले ना?’

अण्णा काही बोलले नाहीत. बाहेर आल्यावर भारतमाता सिनेमाच्या सिग्नलपर्यंत आम्ही नुसते चाललो. मग म्हणाले, ‘म्हणजे पोरी, पैसे मी हरवले नव्हते.’ तोपर्यंत मी त्यांच्यासाठी मॅडम होते. सातशे रुपयांपेक्षा या माणसाने आठवडाभर स्वतःच्या डोक्यावरचा विश्वास गमावला होता, आणि त्याला माझ्या मेसेजने हातभार लावला होता.

समोर असलेले पर्याय

संध्याकाळी व्यवस्थापक साहेब आणि दोन संचालकांसमोर हे मांडलं. एका संचालकांचं पहिलं मत होतं की नवीन गोष्ट शिकायची इच्छाच नाही, वय झालं की असंच होतं. मी तिथे आवाज चढवला, त्याबद्दल मला वाईट वाटत नाही. २०१२ साली विंडोज ८ मधून डाव्या कोपऱ्यातलं स्टार्ट बटण गेलं तेव्हा गोंधळले ते जगभरच्या कचेऱ्यांतले लोक, आणि पुढच्या वर्षी ८.१ मध्ये ते बटण परत आणावं लागलं. २०१३ च्या सप्टेंबरमध्ये आयफोनला आयओएस ७ चं नवं रूप आलं, तेव्हा ॲप उघडता-मिटतानाच्या झेपावणाऱ्या हालचालींनी काहींना गरगरायला लागलं. महिन्याभराने आलेल्या ७.०.३ मध्ये ‘हालचाल कमी करा’ हे सेटिंग दाबून त्या सौम्य करता यायला लागल्या. २०२५ मध्ये आयओएस २६ च्या काचेसारख्या रूपावर अक्षरं वाचता येत नाहीत अशी ओरड झाली, आणि २६.१ मध्ये काच किती आरपार हवी हे निवडायची सोय द्यावी लागली. ही सगळी माणसं काही एकसष्ट वर्षांची नव्हती. मोठमोठ्या कंपन्यांना माघार घ्यावी लागते तिथे अण्णांच्या इच्छाशक्तीवर बोट ठेवणं अन्यायाचं होतं.

मग पर्यायांवर बोलणं झालं.

जुनी आवृत्ती परत टाकायची ही पहिली मागणी होती, आणि नऊपैकी सात एजंटांना हेच हवं होतं. पण फोन तसं सहज करू देत नाही. जुन्या आवृत्तीतल्या सुरक्षेच्या फटी पुन्हा उघडू नयेत म्हणून मागे जाण्याला कुलूप असतं, आणि जिथे जमतं तिथे फोनमधला सगळा डेटा पुसला जातो. शिवाय या फोनवर पैशाचा व्यवहार चालतो. हा पर्याय सोडला.

बाहेरचं एखादं फुकट ॲप टाकून जुनं रूप आणायचं, असं एका एजंटच्या मुलाने सुचवलं होतं. त्याने वडिलांच्या फोनवर ते टाकूनही दिलं होतं! त्या ॲपने मागितलेल्या परवानग्या बघून मी तिथल्या तिथे काढलं. खातेदारांची नावं-रकमा असलेल्या फोनवर हे चालणार नाही. मुलाचा हेतू मात्र चांगला होता आणि त्याने माझ्याआधी वडिलांजवळ बसून अडचण बघितली होती, हे नोंदवायला हवं.

उरलेल्या पाच फोनांचं अपडेट कायमचं थांबवायचं, असं व्यवस्थापक साहेबांचं म्हणणं होतं. यात नव्या रूपाबरोबर सुरक्षेच्या दुरुस्त्याही अडतात. संस्थेच्या मालकीचे म्हणून रीतसर नोंदवलेल्या अँड्रॉइड फोनांवर अपडेट ३० दिवस पुढे ढकलता येतं, किंवा ठरावीक काळ, एका वेळी जास्तीत जास्त ९० दिवस, गोठवता येतं. आमचे फोन तसे नोंदवलेलेच नव्हते. दुकानातून आणले, ॲप टाकलं, वाटले. आता नोंदणी करायची तर प्रत्येक फोन कोरा करावा लागणार होता. म्हणून त्या पाच जणांना हातानेच ‘तूर्त नको’ करून दिलं, ॲप दुरुस्त होईपर्यंत.

राहिलं काय, तर प्रत्येक फोन हातात घेऊन एकेक सेटिंग लावणं, ॲपवाल्यांकडून बटण हलवून घेणं, आणि तोवर छापील पावतीपुस्तक. पावतीपुस्तकाला साहेबांचा विरोध होता. क्रमांकांचा हिशेब, तपासणीच्या वेळी दुहेरी काम, हे त्यांचे मुद्दे खरे होते. तरी पैसे घेतल्याचा कागद खातेदाराच्या हातात नाही ही अवस्था आठवडाभर चालली होती, आणि ती आणखी एक दिवसही चालवायला मी तयार नव्हते. पंधरा दिवसांसाठी पुस्तकं काढली गेली.

काय केलं

मंगळवार ते शुक्रवार मी रोज दोघा-तिघांबरोबर त्यांच्या लाइनवर बसले. ‘बसले’ म्हणजे दुकानाच्या पायरीवर, मशीन आणि फोन मध्ये ठेवून. प्रत्येकाला साधारण चाळीस मिनिटं लागली. मी आधी काही सांगत नव्हते, फक्त म्हणायचे, ‘नेहमीसारखी एक वसुली करा.’ कुठे हात अडतो ते बघायचं आणि तेवढंच सोडवायचं.

तळाची तीन बटणं परत आणणं हा सेटिंगमधला एका मिनिटाचा फरक होता. सारखं बंद होणं त्याच क्षणी थांबलं. ॲपच्या चित्रांना मूळ रंग परत दिला. उन्हात न दिसण्याचं कारण बघायला मला फोन घेऊन दुपारी बारा वाजता रस्त्यात उभं राहावं लागलं. काचेसारख्या पडद्यामागे प्रत्येकाने लावलेला फोटो होता, कोणाचा गणपती, कोणाची नात, आणि त्यावर पांढरी अक्षरं. मजकूर आणि मागची पार्श्वभूमी यांच्या उजेडात निदान ४.५ ला १ एवढा फरक असावा असा वेबसाठीचा सर्वमान्य दंडक आहे. झेंडूच्या हारावर पांढरं अक्षर तो कुठून पाळणार? पारदर्शकता कमी केली, अक्षरं ठळक केली. फोटो काढायला सांगायचं धाडस मी केलं नाही. नातीचा फोटो कुलपाच्या पडद्यावर ठेवला, आतल्या पडद्यावर साधा काळा रंग.

अक्षरं मोठी करताना एक नवी अडचण आली. मराठीत वरच्या मात्रा-वेलांट्या आणि खालचे उकार यांना जागा जास्त लागते. मोठ्या अक्षरांत काही बटणांवरचे शब्द वरून-खालून कापले जाऊ लागले, एका ठिकाणी तर ‘पुढे’चा उकारच दिसेना. एक पायरी खाली येऊन ठळकपणावर भर दिला. हा मधला तोल प्रत्येकाच्या डोळ्यांप्रमाणे वेगळा निघाला.

दोन पडद्यांचं काय करायचं, इथे खरा मतभेद झाला. सेटिंगमध्ये जुना एकत्र पडदा परत आणायची सोय होती. संचालकांना सगळे फोन एकसारखे हवे होते, म्हणजे एकमेकांना मदत करता येईल. हा मुद्दा मला पटत होता. पण त्या तरुण ताईने सांगितलं की तिचं काम नव्या पद्धतीने जास्त भरभर होतं, आणि तिची आकडेवारी तसंच दाखवत होती. तिच्याकडून ते काढून घेणं म्हणजे अण्णांवर झालेलाच प्रकार उलट्या दिशेने करणं. शेवटी तीन गोष्टी सक्तीच्या ठेवल्या. ॲपचे मूळ रंग, ब्लूटूथ कायम चालू, आणि ‘जमा करा’ दुरुस्त होईपर्यंत तळाची तीन बटणं. बाकी ज्याचं त्याने ठरवायचं. ताईनेही तीन आठवडे तीन बटणं वापरली, थोडी कुरकुरत.

ॲपवाल्यांकडे दोन मागण्या केल्या. ‘जमा करा’ काठापासून वर घ्या, आणि त्याच खात्यात त्याच दिवशी तीच रक्कम पुन्हा आली तर विचारा, ‘आज या खात्यात एवढे जमा झाले आहेत. पुन्हा घ्यायचे?’ पहिली मागणी त्यांना पटली. दुसरीवर ते म्हणाले की एजंटला रोज जास्तीचं एक बटण दाबावं लागेल. मी मिरची गल्लीतला प्रसंग सांगितला. तीन आठवड्यांनी दोन्ही आलं.

परिणाम

त्या एका आठवड्यात पाच एजंटांच्या मिळून अकरा दुहेरी नोंदी सापडल्या, त्यांतल्या चार अण्णांच्या. तीन बटणं परत आल्यावर एकही नवी नोंद झाली नाही. पावतीचं मशीन पहिल्या दोन दिवसांत सगळ्यांचं सुरू झालं.

पैसे परत मिळायला मात्र वेळ लागला. खातेदाराच्या खात्यात जास्तीची रक्कम जमा दिसत होती, ती काढायची तर त्याने मान्य करायला हवं. बहुतेकांनी एका शब्दावर मान्य केलं. मसाल्याच्या मावशींनी तर स्वतः शाखेत येऊन सही केली. अण्णांच्या चारपैकी तीन नोंदी अशा सुटल्या. चौथ्या खातेदाराने दरम्यान खातं बंद करून गाव गाठलं होतं. ते १५० रुपये पतपेढीने सोसावेत असा ठराव व्हायला महिना गेला. रकमेसाठी नाही, ‘एजंटची चूक नाही’ हे इतिवृत्तात लिहायचं की नाही, यावर. शेवटी लिहिलं गेलं.

सगळं सुरळीत झालं असं नाही. एका मामांनी फोन परत केला आणि पावतीपुस्तकच हवं म्हणाले. त्यांच्याशी तीनदा बोलले, पायरीवर बसूनही झालं. त्यांची लाइन लहान आहे, म्हणून आता ते पुस्तकावर वसुली करतात आणि संध्याकाळी शाखेतली मुलगी नोंदी करते. ही सोय किती दिवस चालेल ते संचालकांवर आहे.

आज वेगळं काय केलं असतं

सोमवारी दुपारीच एकाबरोबर लाइनवर गेले असते. वहीत लिहिलेले सहा शब्दप्रयोग मी ‘नव्या रूपाबद्दल नाराजी’ अशा एकाच खात्यात टाकले. त्यांतली प्रत्येक गोष्ट वेगळी होती. रंग हरवला होता, बटणाची जागा गेली होती, उन्हात अक्षर पुसलं होतं, आणि एक ठिकाण असं होतं जिथे पैसे दोनदा मोजले जात होते. शेवटची गोष्ट नाराजी नव्हतीच. ती पहिल्या दिवशी वेगळी काढता आली असती, कारण ‘सारखं बंद होतंय’ हे वाक्य माझ्याकडे होतं. कधी बंद होतं, काय दाबल्यावर, एवढं विचारायचं राहिलं.

तो मेसेज लिहिला असता, पण असा: ‘फोनमधल्या गोष्टींच्या जागा बदलल्या आहेत. अडलात तर चूक तुमची नाही. पावती निघाली नाही किंवा ॲप मध्येच गेलं तर वसुली थांबवा आणि मला फोन करा.’ यातलं मधलं वाक्य मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं.

कॅशियरला सांगून ठेवलं असतं. भरणा कमी पडला की भरून घ्यायचा हा नियम बरोबर आहे, पण त्याच आठवड्यात तीन-चार जणांचा भरणा कमी पडतोय हे फक्त त्याच्या खिडकीतून दिसत होतं. माझ्याकडे तक्रारी होत्या, त्याच्याकडे तूट होती. दोन्ही कागद एका टेबलावर यायला आठ दिवस लागले.

वर्ग घेतला नसता का, याबद्दल माझं मन अजून स्वच्छ नाही. ताईला त्याचा उपयोग झाला. पण शंभर वेळा केलेली कृती हाताला पाठ असते, ती प्रोजेक्टरवर बघून सुटत नाही, आणि थकलेल्या माणसांना एकमेकांसमोर बसवून तर नाहीच.

आणि फोन वाटण्याआधीच संस्थेच्या नावावर नोंदवले असते. आता नव्याने घेतलेले दोन फोन तसे नोंदवले आहेत, जुने जसजसे बदलतील तसे नोंदवले जातील. अपडेट आधी माझ्याकडच्या एका फोनवर येतं, आठवडाभर मी आणि ताई त्यावर खोट्या खात्यांच्या वसुल्या करून बघतो, मग बाकीच्यांना. दिवाळीनंतर असं एक छोटं अपडेट आलं. अण्णांनी त्यानंतरचं पान उघडं ठेवून मला फोन केला, ‘इथे पुढे लिवलंय. दाबू काय?’ मी म्हटलं, त्याच्या वर काय लिहिलंय ते वाचा. त्यांनी शांतपणे सगळं वाचून दाखवलं.

सगळ्यांचे फोन सारखे असावेत की नाही, हा वाद मिटलेला नाही. गेल्या महिन्यात एक नवा मुलगा एजंट म्हणून लागला. त्याचा फोन कसा लावायचा, हे मी त्यालाच विचारलं. तो म्हणाला, ‘अण्णांसारखा. मी त्यांच्याच लाइनवर शिकणार आहे.’